मोहन्याचं वांगं

बाजारात हल्ली जी काळी, गुळगुळीत, तेल चोपडल्यासारखी वांगी येतात, त्यांना मी वांगी म्हणत नाही. माझा मुलगा गोविंदा म्हणतो, "आये, वांगं ते वांगंच." तो शाळेत मास्तर आहे. त्याला पाढ्यांतलं कळतं, वांग्यातलं काय कळणार! पण मी सांगायचं आणि त्याने लिहायचं, असं आमचं ठरलं आहे. माझी बोली तो मधल्यामध्ये धुऊनपुसून शाळेतल्यासारखी करतो, ते माझ्या लक्षात येतं. करू दे. माणसं मात्र बोलली तशीच लिही, एवढं मी त्याला बजावलं आहे.

तर मी सगुणा. माझं माहेर मोहने, कल्याणच्या पलीकडे, उल्हास नदीच्या काठी. माझी आई तिथे नदीच्या मळीत, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीत, वांगी लावायची. हिरवट पांढरं वांगं, अंगावर जांभळ्या रेघा आणि देठाला हे काटे! बोटाला टोचल्याशिवाय ते कधी कोणाच्या हाती आलं नाही. निखाऱ्यावर भाजलं की साल आपसूक सुटायची, आणि गर असा गोड, की आई भरतात गूळ घालते म्हणून शेजारणी तिला चिडवायच्या. लग्न होऊन मी कोलशेतला आले ती नदीनेच आले, ओहोटीबरोबर होडीत बसून. माझ्या पदराच्या गाठीत आईने त्या वांग्याचं बी बांधलं होतं. तीच नदी, पण मोहन्याला तिचं पाणी ओंजळीने प्यायचं, आणि कोलशेतला तोंडात गेलं तर थुंकायचं. इथे ती खाडी झालेली. जिकडे बघावं तिकडे तिवरं आणि मिठागरं. पहिलं वर्षभर मी त्या पाण्याकडे बघून रडले, मग पोरंबाळं झाली आणि रडायला सवड राहिली नाही.

मी सांगते आहे ती गोष्ट मोठ्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधीची. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. भाऊ मुंबईला गिरणीत गेला, घराला कडी लागली, मळी दुसऱ्याने कसायला घेतली आणि तिथे काकडी लावली. मोहन्याला आता माझं असं काही उरलं नव्हतं. होतं ते माझ्या घरामागच्या वाडीत, दर साली कार्तिकात लागायचं आणि माघात धरायचं.

दर साली त्यातलं एक चांगलं वांगं मी झाडावरच पिवळं होऊ द्यायची. त्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायची. त्या साली मडक्याला उंदीर लागला. जेवढं वाचलं तेवढं सगळं मी पेरून टाकलं. चोवीस रोपं लागली आणि मडकं रिकामं झालं. म्हणजे माझ्या आईचं वांगं या जगात होतं ते त्या चोवीस झाडांवर, बाकी कुठे नाही.

माझा नवरा धाकू मिठागरावर कामाला होता. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण लिहायचं तर नाव लागतं. अंगाने आडवा, हाताने राकट आणि बोलण्यात अगदीच गरीब. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर मला ताप आलाय का बघावंसं वाटायचं, त्याला की मला कोण जाणे. त्याची कसर मी भरून काढायची. माझ्या तोंडाला फाटक नव्हतं. अजूनही नाही. दिवस मावळता तो मिठागरावरून यायचा, पाय धुवायचा आणि थेट माझ्या वाडीत जाऊन झाडांच्या मध्ये उकिडवा बसायचा. काही करायचा नाही, नुसता बसायचा. दिवसभर पांढऱ्या मिठाकडे बघून डोळे जळतात, हिरव्यात बसलं की निवतात, असं एकदा म्हणाला होता.

आमच्या वाडीला लागून सुझानाची वाडी. ती किरिस्ताव, आम्ही आगरी. तिचा नवरा सिल्वेस्टर खाडीत जाळी टाकायचा, आणि ती भाजी पिकवून ठाण्याच्या बाजारात न्यायची. दोन वाड्यांच्या मधोमध गोड्या पाण्याची एकच विहीर, आणि कुंपणाला एक बाई जाईल एवढं खिंडार. त्यातून कालवण जायचं, पोरं जायची, आणि कधीमधी भांडणही जायचं. पालेभाजी कशी लावावी, आळं केवढं करावं, पाणी सकाळी घालावं की सांजचं, सगळं मला तिने शिकवलं. मी मोहन्याहून आले तेव्हा मला आईच्या मागे पाटी धरून उभं राहण्यापलीकडे काही येत नव्हतं.

एवढं सगळं तिने दिलं, आणि तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "सगुना, दोन बिया दे गो तुज्या मोहन्याच्या." दर साली मागायची. मी म्हणायची, "यंदा नाय, पुढच्या साली नक्की." खरं सांगते, मला द्यायचंच नव्हतं. माझ्या माहेरचं वांगं दुसऱ्या बाईच्या टोपलीत बसून बाजारात जाणार, हे माझ्या मनाला सोसायचं नाही. तिला ते कळत असणार. तरी ती मागायची, आणि मी हसून टाळलं की तीही हसायची.

माघाच्या मध्यावर एके दुपारी विहिरीकडच्या झाडाने मान टाकली. सकाळी मी पाणी घातलं तेव्हा ताठ होतं. दुपारी पाहते तो पानं लोंबकळलेली, हिरवीच, पण जीव नसलेली. संध्याकाळी जरा सावरलं म्हणून मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलं ते पडलंच. मी सुझानाला हाक मारली.

ती आली, कमरेला पदर खोचून खाली बसली. "पानांकडं काय बघत बसतंस? मुळ्या बघ." तिने झाड उपटलं. मुळ्या कुरतडलेल्या, आणि मातीत पांढरी, जाडी, आकड्यासारखी वाकलेली हुमणी. "ही बघ तुजी पावनी. जेवून झोपलेय." मग तिने आणि मी प्रत्येक झाडाभोवतीची माती खुरप्याने हलक्या हाताने उकरली. सात अळ्या मिळाल्या. त्या कोंबड्यांपुढे टाकल्या आणि सुझाना म्हणाली, "झालं. आथा काय होत नाय."

आणि खरंच काही झालं नसतं. पण त्या संध्याकाळी मी धाकूसमोर रडले. मी ओरडणारी बाई, रडणारी नव्हे, म्हणून तो घाबरला असावा.

"येक तर झाड गेलं," तो म्हणाला.

"येक येक करून सगलीच गेली तर? मडक्यात बी नाय. माझं माहेर हाय ते, दुसरं काय हाय मना?"

तो उठून वाडीत जाऊन बसला.

आठवडा गेला. मग घराकडच्या ओळीतली तीन झाडं एकाच दिवशी कोमेजली. मी मुळ्या पाहिल्या, हुमणी नव्हती. माती ओली होती. तरी पानं तहानलेल्यासारखी लोंबत होती आणि त्यांच्या कडा विस्तवाने पोळल्यासारख्या तपकिरी झालेल्या. मी आणखी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन गेली. मी त्याहून जास्त पाणी घातलं. विहिरीवरून घागरी वाहून माझ्या कमरेचा काटा ढिला झाला, आणि झाडं माझ्या डोळ्यांदेखत माना टाकत होती.

वाडीवरून जाणारी येणारी थांबायला लागली. आळीत गोदा म्हणून एक म्हातारी होती, तिला सगळ्यातलं सगळं कळायचं. ती म्हणाली, "ही दृष्ट गो सगुना. झाडांना कोन बोललं काय?"

बोललं होतं. त्याच्या आदल्या रविवारी सुझाना ठाण्याच्या त्यांच्या देवळातून मिसा, म्हणजे पाद्रीची प्रार्थना, ऐकून आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसलेली. कुंपणाशी थांबून म्हणाली होती, "काय गो, झाडं की लेकुरवाळ्या बाया! नजर हटत नाय." मी तेव्हा फुशारले होते. आता गोदाने विचारलं आणि ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं. आणि त्याच्या शेजारी माझंच पाप जाऊन बसलं: इतकी वर्षं बी मागते, मी देत नाही. तिला राग नसेल कशावरून?

त्या दुपारी धाकू घरी होता, दारात बसून फावड्याला नवा दांडा घालत होता. गोदा विहिरीवर होती. सुझाना खिंडारातून आली, मेलेल्या ओळीपाशी बसली, बुंध्याजवळची चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

माती खाल्ली! मी बघतच राहिले. गोदाने विहिरीवरून "अगो बाय!" केलं. सुझानाने मान वर केली, काही बोलायला तोंड उघडलं, आणि तिची नजर दारात बसलेल्या धाकूकडे गेली. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड मिटलं, हात झटकले आणि उठली.

"काय केलंस?" मी विचारलं.

"काय नाय."

"माती कशाला खाल्लीस माझ्या झाडाची?"

"काय नाय गो. मागनं बोलू."

बस्स, माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते गोविंदाला लिहू देणार नाही. तिच्या डोळ्याला बोलले, तिच्या जिभेला बोलले, तिच्या देवळालाही बोलले. बी दिलं नाही म्हणून माझ्या माहेरावर मूठ मारलीस, असं सबंध आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. ती उलट एक शब्द बोलली नाही. बोलणारी बाई बोलत नाही म्हणजे मनात काळं आहे, असं मी ठरवून टाकलं. ती गेल्यावर मी बोरीच्या काट्यांची फांदी ओढत आणली आणि खिंडार बुजवलं. तिने नंतर दोनदा कुंपणापलीकडून हाक मारली. दोन्ही वेळा मी पाठ फिरवली.

धाकू हे सगळं बघत होता. त्याचे हात दांड्यावर थांबलेले होते. "तिचं काय नाय गो," एवढंच पुटपुटला. मी त्याच्यावरही ओरडले.

पुढच्या दहा दिवसांत वाडी ओसाड झाली. चोवीसांतली दोन झाडं उरली, तीही दुपारी लोळण घ्यायची. माझं जेवणावरचं मन उडालं. भाजी तोडायला जायची नाही, विहिरीवर जायची ती सुझाना नसेल ती वेळ साधून. इतकी वर्षं त्या कठड्यावर आम्ही दोघी घागर भरून झाल्यावरही उभ्या असायचो, आणि आता घागर कधी भरते असं व्हायचं. खोटं कशाला बोलू, वांग्यांपेक्षा त्याचंच मला जास्त लागत होतं. पण कबूल करायला माझी मान वाकत नव्हती.

मग एके सकाळी, नुकतं फटफटलं होतं, मी नेहमीपेक्षा आधी उठले. धाकू मिठागरावर जायला निघालेला असायचा त्या वेळी. बाजूला नव्हता. मागच्या दारातून पाहिलं तर तो वाडीत उकिडवा. कमरेच्या रुमालाच्या घडीतून त्याने काहीतरी काढलं, बुंध्याशी हळूहळू घातलं, वरून माती सारखी केली. दुसऱ्या झाडालाही तसंच. मग हात जोडले आणि म्हणाला, "आये, पोरीचं माहेर राख."

माझ्या आईला म्हणत होता.

तो निघून गेला तेव्हा मी त्या झाडापाशी गेले. माती उचलली आणि जिभेवर ठेवली. मीठ! नुसतं मीठ. सुझानाने काय चाखलं होतं आणि मग धाकूकडे का पाहिलं होतं, ते त्या एका चिमटीत मला कळलं.

मिठागरावरच्या माणसाला दुसरं काय सुचणार? आमच्याकडे नारळ लावताना खड्ड्यात मीठ घालतात, मोठ्या झाडालाही घालतात, आणि त्याला नारळ लागतात. पोराला दृष्ट लागली तर मीठच ओवाळून टाकतात. मी रडले, त्याने मीठ आणलं. गोदा दृष्ट म्हणाली, त्याने आणखी आणलं. झाडं मरत गेली तसतसा हात सैल सोडत गेला. आणि ते मीठ काही फुकट येत नव्हतं. आगरातून मूठभर मीठ घरी नेलं तरी ती चोरी. वाटेवर सरकारी शिपाई उभा असायचा, कमरेला हात घालून बघायचा. सापडला असता तर काम गेलं असतं आणि वर कोठडी. मीठ पिकवणाऱ्यानेच मीठ चोरावं लागे, असले ते दिवस. आयुष्यात कधी कोणाच्या बांधावरचं बोर न उचललेल्या माणसाने माझ्यासाठी तीन आठवडे रोज चोरी केली होती.

आधी मला संताप आला. असा आला की मिठागरापर्यंत ओरडत जावं. मग त्याचे ते जोडलेले हात आठवले आणि मी त्या मेलेल्या झाडांत बसून राहिले. माझं तोंड पहिल्यांदाच माझ्या उपयोगाचं नव्हतं.

शेवटी उठले, काट्यांची फांदी उपसून फेकली. दोन्ही हात रक्ताळले. सुझाना चुलीपुढे भाकरी थापत होती. मला बघून तिने परात बाजूला सारली नाही की ये म्हटलं नाही.

"तुना कललेलं," मी म्हटलं.

"हो."

"मग बोलली का नाय?"

"कोनासमोर बोलू? गोदा विहिरीवर उभी. आज तिच्या कानात, उद्या शिपायाच्या. मीठ चोरलं म्हनून धाकूला दोरी बांधून नेला असता." तिने भाकरी उलटली. "आनि त्याचं तोंड पायलं मी. त्याला वाटत व्हतं तो झाडं जगवतोय. त्याला कसं सांगू गो, तूच मारतंस म्हनून?"

"मना तरी सांगायचं."

"दोनदा हाक मारली. काटं लावून बसलेलीस तू."

मी तिच्या चुलीपुढे बसले आणि रडले. धाकूसमोर रडले होते त्याहून जास्त. म्हटलं, "मी तुना काय काय बोलले."

"बोललीस. माझ्या आयसला पन बोललीस. ती बिचारी मरून धा वरसं झाली." आणि मग ती हसली, आणि तिलाही रडू आलं. भाकरी करपली. ती आम्ही दोघींनी करपलेलीच खाल्ली.

उजाडल्यावर ती वाडीत आली. मी विचारलं, माती ओली असून झाडं तहानेने का मरतात? ती म्हणाली, "तू खाडीचं पानी पिऊन बघ. जेवढं पिशील तेवढी तहान वाढंल. तसंच हाय. मुळी पान्यात बसलेय, पन पिता येत नाय तिला." मग कामाला लागलो. दोन्ही झाडांभोवतीची चार बोटं माती खरवडून टोपलीत भरली आणि लांब खाडीत नेऊन टाकली. बाजूला चर काढला. झाडावरची फुलं, वांगी, अर्धी पानं सुझानाने निर्दयपणे खुडली. मी कळवळले तर म्हणाली, "आजारी बाईच्या काखेत पोर देतात काय?" वर झावळ्यांची सावली केली. मग गोडं पाणी, भसकन नाही, थेंबाथेंबाने मुरेल असं, चरातून निथळून जाईल असं. तीन दिवस दोघी पाणी वाहत होतो. मध्ये दोन दिवस काही घालायचं नाही, मग पुन्हा. खत नाही, शेण नाही, काही नाही.

एक झाड गेलं. दुसऱ्याची पानंही गळली, नुसती काडी उरली. मी आशा सोडली होती. फाल्गुनात त्या काडीच्या बुडाशी दोन हिरवे डोळे दिसले. सुझानाला दाखवायला मी अशी धावले की वाटेत घागर फुटली. वैशाखात त्यावर एकच वांगं धरलं, खुरटं, वाकडं. ते आम्ही पिवळं होऊ दिलं. बी काढलं तेव्हा अर्धं मोजून सुझानाच्या ओच्यात घातलं. तिने ते तिथल्या तिथे पदराच्या गाठीत बांधलं. मग विहिरीवर मी गोदाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हुमणी लागली होती आणि सगुणाच्या जिभेलाही लागली होती.

एकच प्रश्न उरला होता. धाकूला थांबवायचं कसं? माती खरवडली त्या दिवसापासून मी रोज त्याच्या आधी उठून वाडीत बसायची म्हणून त्याला मीठ घालता येत नव्हतं, पण असं किती दिवस बसणार? झाड सावरत होतं आणि त्याचा चेहरा असा उजळला होता, की खरं सांगणं मला शक्य नव्हतं. तोड सुझानानेच काढली. एका संध्याकाळी त्याच्यासमोर मला म्हणाली, "दृष्ट उतरली बघ. पन आथा वाडीत पुरुषाचा पाय पडता नये, नायतर उलटंल." मी मान डोलावली. धाकू पायरीवर बसला होता. त्यानेही डोलावली.

त्या दिवसापासून त्याने माझ्या वाडीत पाय ठेवला नाही. मिठागरावरून यायचा, पाय धुवायचा आणि कुंपणाबाहेर उभा राहायचा. आम्हा दोघींना सुरुवातीला हसू यायचं. पदर तोंडात कोंबून हसायचो. मग त्याचं तिथे उभं राहणं सवयीचं झालं आणि ते मला दिसेनासं झालं. आगगाडी वाढली, ठाण्याचा बाजार वाढला, पोरं मोठी झाली, गोविंदा शिकला. सुझानाच्या टोपलीतून मोहन्याची वांगी ठाण्याला जायला लागली आणि लोक ती नाव घेऊन मागायला लागले. मला त्याचा अभिमानच वाटायचा. काय ते दिवस होते! दोघींच्या वाड्या, एक विहीर, आणि कठड्यावर न संपणारी बडबड. मग एका पावसाळ्यात सुझाना तापाने गेली. खिंडार अजून आहे. तिच्या सुना त्यातून येतात, पण थांबत नाहीत.

त्यानंतर वर्षाने धाकूने अंथरूण धरलं. पाय सुजले, दम लागायचा. माघ महिना होता. एके सकाळी मी त्याला पेज पाजत होते तेव्हा त्याने माझा हात धरला.

"सगुना, येक सांगायचं हाय. रागावशील."

"आथा काय रागावू मी?"

"तुजी वांगी मरत व्हती ना त्या साली. मी रोज मीठ आनलं. चोरून. शिपायाच्या नाकासमोरून." त्याला दम लागला, पण तो थांबला नाही. "शेवटचं झाड जगलं ना, त्याला सगल्यात जास्ती घातलेलं. कोनाला बोललो नाय. तुजं माहेर गेलं असतं गो."

वीस वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता. एकदाही मिरवलं नव्हतं. मला पहिल्यांदा वाटलं, धावत जाऊन सुझानाला सांगावं. मग आठवलं.

"म्हनून तर जगलं," मी म्हटलं. "नायतर गेलंच व्हतं."

तो लहान पोरासारखा हसला. मग म्हणाला, "मग आथा तरी मना आत येऊ दे. वीस वरसं भायेर उभा हाय मी."

झाडं वाचली, सुझाना परत मिळाली, माझं माहेर राहिलं, आणि त्या सगळ्याची किंमत रोज संध्याकाळी कुंपणाबाहेर उभी होती, ती मी कधी पाहिलीच नाही. मी त्याला उठवलं. माझ्या खांद्यावर भार घेऊन हळूहळू वाडीत नेलं आणि दोन ओळींच्या मध्ये, पूर्वी बसायचा तिथे बसवलं. त्याने एका वांग्याला हात लावला, बोटाला काटा टोचला, आणि तो पुन्हा हसला. बराच वेळ बसला. मग म्हणाला, "जरा मीठ आन गो."

मी घरात गेले. मडक्यातून मूठभर मीठ घेऊन आले आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. सगळ्यात जास्त वांगी लागलेलं झाड त्याने निवडलं. त्याच्या बुंध्याशी ते मीठ हळूहळू घातलं, माती सारखी केली आणि हात जोडले. त्याचं झाल्यावर मी घागर उचलली, आणि मीठ लवकर मुरावं म्हणून वरून पाणी घातलं.